रक्तदाबाचा दिलासा आणि प्रकाशाची साक्ष

माझ्या मावसबहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणाचा केसपेपर तिच्या सासऱ्यांनी अजून जपून ठेवला आहे. सासरे निवृत्त कारकून. कागद टाकून देणे त्यांच्या स्वभावात नाही. आपल्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, रात्री पावणेदोन वाजता तिला मुलगी झाली. कागदावर दोन वाजताची नोंद आहे : रक्तदाब ११०/७०, नाडी १०४. अडीच वाजता रक्तदाब पुन्हा ११०/७०, नाडी ११८. तीन वाजता रक्तदाब १०६/७०, नाडी १२६. तिन्ही नोंदींपुढे एकाच हस्ताक्षरात ‘प्रकृती स्थिर’ असा शेरा आहे. चौथी नोंद साडेतीनची. तीत रक्तदाबाचा वरचा आकडा ७० आहे, खालचा नाही, आणि नाडीच्या रकान्यात ‘लागत नाही’ एवढेच दोन शब्द आहेत. पुढची हकीकत या कागदावर नाही. ती सोलापुरास पोचेपर्यंत पहाट झाली, गर्भाशय काढून टाकावे लागले, सात बाटल्या रक्त चढले आणि ती वाचली. मुलगी आता दहावीत आहे.

त्या रात्रीच्या परिचारिकेला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तिला जे शिकविले होते ते तिने वेळच्या वेळी आणि प्रामाणिकपणे केले. दर अर्ध्या तासाने पट्टा बांधला, आकडा वाचला, लिहून ठेवला. दोष असेल तर तो त्या आकड्यावर आपण सर्वांनी टाकलेल्या भाराचा आहे. ‘बी.पी. नॉर्मल आहे ना?’ हा प्रश्न आपल्या समाजात इतका रुळला आहे की त्याचे होकारार्थी उत्तर मिळाले म्हणजे नातेवाईक चहा घ्यायला बाहेर पडतात. मी अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. परंतु एखादा आकडा नेमके काय सांगतो आणि काय लपवितो, हा आमच्याही धंद्याचाच प्रश्न असल्यामुळे त्या केसपेपरने मला गेली अनेक वर्षे अस्वस्थ ठेवले आहे.

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची युक्ती रिव्हा-रोची या इटालियन वैद्याने १८९६ मध्ये काढली. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने त्याला कानाने ऐकण्याची जोड दिली. तेव्हापासून सव्वाशे वर्षे जगभरातील रुग्णालये या मापावर विसंबून आहेत, आणि बहुतेक आजारांत ते विसंबणे योग्यच आहे. जोरदार रक्तस्रावात मात्र या मापाचा एक जुना, पुस्तकांतून स्पष्ट नोंदलेला दोष उघडा पडतो. प्रौढ माणसाच्या देहात साधारण साडेचार-पाच लिटर रक्त असते. त्यातील सातवा हिस्सा गेला तरी वरून फारसे काही जाणवत नाही. त्यापुढे नाडी वाढू लागते, हातपाय गार पडतात. पण रक्तदाब बहुधा टिकून राहतो. तो ठळकपणे कोसळतो तो जवळजवळ तिसरा हिस्सा, म्हणजे दीड लिटरच्या आसपास रक्त गेल्यावर. बाळंतिणीची गोष्ट याहून फसवी. गरोदरपणात रक्ताचे आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेले असते. ही निसर्गाने दिलेली शिल्लक. पण तिच्यामुळेच तोटा उशिरा दिसतो. तरुण देह शेवटपर्यंत सावरून धरतो आणि मग एकदम ढासळतो. साडेतीनची ती नोंद अशी एकदम ढासळण्याची होती.

आमच्या वडिलांच्या तोंडून १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. सोलापूर जिल्ह्यातील कुठल्याही घरात त्या गोष्टी असतातच. घरातले धान्य आटू लागले की खर्चाची कात्री कुठे लागत असे? नवे कापड आधी बंद होई, मग तेल, मग भाजी. त्यानंतर आजीची आणि मुलींची भाकरी निम्मी होई. पण ओसरीवर पाहुणा आला तर त्याच्यापुढे चहाचा कप आल्याशिवाय राहत नसे. ओसरीवरून पाहणाऱ्याला ते घर सुस्थितीतच वाटे. रक्त कमी झालेला देह हुबेहूब असेच वागतो. तो कातडीचा, स्नायूंचा, आतड्यांचा, मूत्रपिंडांचा पुरवठा तोडतो, तिथल्या लहान रक्तवाहिन्या आवळून घेतो आणि हृदय व मेंदू यांचे चालवितो. दंडावरचा पट्टा म्हणजे ओसरीवर बसलेला पाहुणा. माजघरात कुणाच्या ताटात किती पडते, हे त्याला दिसत नाही.

माजघरात डोकावण्याचे साधन आता उपलब्ध आहे, आणि ते प्रकाशाचे आहे. आजचा विषय तोच.

लहानपणी अंधारात टॉर्चवर तळहात ठेवून बोटे लालभडक दिसतात याची मौज प्रत्येकाने घेतली असेल. निळा-हिरवा प्रकाश रक्त गिळून टाकते, तांबडा बराचसा आरपार येतो; आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तर मांसातून कित्येक सेंटिमीटर प्रवास करू शकतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू घेऊन निघाले असेल तर ते या प्रकाशाचा एक भाग शोषते, प्राणवायू देऊन रिकामे झाले असेल तर दुसरा. दोन-तीन निवडक रंगांचा प्रकाश आत सोडून किती परत आला हे मोजले, की भरलेल्या आणि रिकाम्या हिमोग्लोबिनचे प्रमाण काढता येते. सुई नको, काचनळी नको, प्रयोगशाळेची वाट पाहणे नको.

या तत्त्वावरचे एक यंत्र वाचकांच्या घरातच असेल. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतल्या आशाताई ज्या चिमट्यात आपले बोट धरून आकडा वाचीत होत्या, तो पल्स ऑक्सिमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी ग्लेन मिलिकन याने असे एक साधन तयार केले आणि ‘ऑक्सिमीटर’ हे नावही दिले. आजच्या यंत्राची कल्पना मात्र जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याची, १९७४ सालची. नाडीच्या ठोक्याबरोबर प्रकाशात जी बारीक चढउतार होते तेवढीच हिशेबात धरायची, म्हणजे फक्त धमनीतल्या रक्ताचा आकडा मिळतो, हे त्याचे मर्म. न्यूमोनियात हा आकडा प्राण वाचवितो. रक्तस्रावात मात्र तोही ओसरीवरचाच पाहुणा ठरतो. फुप्फुसे धडधाकट असतात, धमनीत उरलेले रक्त प्राणवायूने भरलेलेच असते. आकडा ९८ येतो. बाजार समितीच्या दाराशी येणारी प्रत्येक मालगाडी शिगोशीग भरलेली आहे, पण गाड्याच दहाऐवजी तीन येत आहेत, असा हा प्रकार. आणि रक्तस्राव खूपच वाढला की बोटांतल्या वाहिन्या आवळल्या जाऊन यंत्राला ठोकाच सापडत नाही. ज्या घटकेला आकड्याची सर्वांत अधिक गरज, त्याच घटकेला पडद्यावर नुसत्या रेघा!

याच्या पुढची पायरी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखविली. त्यांनी ठोक्याचा नाद सोडला. अवरक्त प्रकाश कवटीतून थेट मेंदूत आणि स्नायूंत शिरतो, तर तिथल्या सगळ्या रक्ताची साक्ष एकत्र का घेऊ नये, असा त्यांचा विचार. ऊतींमधल्या रक्तात मोठा वाटा शिरांतल्या, म्हणजे काम आटोपून परत निघालेल्या रक्ताचा असतो. परतणाऱ्या रक्तात किती प्राणवायू शिल्लक आहे यावरून तिथल्या पेशी तृप्त आहेत की ओरबाडून घेत आहेत, हे कळते. धान्य किती आले याऐवजी ताटात काय उरले ते पाहायचे. या मापाला ऊतींची प्राणवायू-संपृक्तता म्हणतात. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तिथे चरबी थोडी आणि स्नायू भरपूर; म्हणून मापनासाठी पुष्कळदा तीच जागा निवडली जाते.

हे यंत्र खरोखर काय करू शकते? येथे उत्साहाला थोडा लगाम घालणे भाग आहे, कारण विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकांत तो घातलेला नसतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी माणसांचा अंगठ्याजवळचा हा आकडा सरासरी ८७ टक्के आढळला. अपघातातील ज्या जखमींना तीव्र शॉक होता त्यांच्यात तो ४५ पर्यंत घसरलेला होता. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. पण मध्यम शॉक असलेल्यांचा आकडा ८० च्या आसपास होता. म्हणजे निरोगी माणसापासून तो खात्रीने वेगळा काढणे कठीण. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, सात मोठ्या अपघात-केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास आला. पहिल्या तासात हा आकडा ७५ च्या खाली राहिला तर पुढे अवयव निकामी होण्याचा धोका बराच वाढतो, आणि हा इशारा देण्यात हे निर्वेध माप रक्त काढून केल्या जाणाऱ्या जुन्या तपासणीच्या तोडीचे आहे, असे त्यातून दिसले. म्हणजे एका आकड्यावर निकाल द्यावा इतके हे साधन तीक्ष्ण नाही. सलग लावून ठेवले आणि आकडा कोणत्या दिशेने चालला आहे हे पाहत राहिले, तर मात्र ते पट्ट्यापेक्षा अधिक बोलते. हात गारठला असेल, सूज असेल, खाली चरबीचा थर जाड असेल, तर त्याचे बोलणे अडखळते हेही खरे.

दुसरी एक वाट अमेरिकी लष्कराच्या शल्यसंशोधन संस्थेतील व्हिक्टर कॉन्व्हर्टिनो यांनी चोखाळली. निरोगी स्वयंसेवकांच्या कमरेखालचा भाग बंद पेटीत ठेवून आतली हवा हळूहळू ओढून घ्यायची. रक्त पायांत साचते आणि एक थेंबही न सांडता देहाला रक्तस्राव झाल्याचा भास होतो. अशा शेकडो प्रयोगांत बोटावरच्या प्रकाशाच्या लहरीचा आकार रक्तदाब पडण्याच्या पुष्कळ आधी बदलतो असे दिसून आले. ते बदल इतके बारीक की डोळ्यांना ओळखता येत नाहीत, पण संगणकाला शिकविता येतात. देहाची राखीव गंगाजळी किती उरली, हा आकडा त्यातून काढला जातो. अर्थशास्त्राच्या माणसाला या कल्पनेचे विशेष कौतुक वाटावे! परकीय चलनाचा साठा संपत आला तरी रुपयाचा भाव काही काळ स्थिर ठेवता येतो, आणि १९९१ मध्ये आपल्याला सोने गहाण टाकायची वेळ आली ती भाव पाहून नव्हे, साठा पाहून.

असो. एवढे वाचून कोणी म्हणेल, मग उद्याच प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हे यंत्र बसवा. माझे म्हणणे तसे नाही. आणि ते का नाही हे सांगण्यासाठी आपल्या शेजारच्या बेळगावला जावे लागेल.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी त्या जिल्ह्यातल्या खेड्यांतील बाळंतपणांचा अभ्यास करताना एक साधी वस्तू बनविली. बाळंतिणीच्या खाली अंथरण्याची प्लॅस्टिकची चादर, आणि तिच्या टोकाला मापाच्या खुणा असलेली पिशवी. सांडलेले रक्त पिशवीत उतरते आणि खूण वाचली की किती गेले ते कळते. २००६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की नजरेच्या अंदाजाने सांगितलेला रक्तस्राव पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरतो. अनुभवी डोळाही फसतो. कारण सगळे सुखरूप पार पडावे अशी त्या डोळ्याचीही इच्छा असते. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर अशाच मापाच्या पिशवीची चाचणी झाली. पिशवीने धोका दाखविताच गर्भाशय चोळणे, औषधे, सलाइन, तपासणी हे सर्व उपचार एकदम सुरू करायचे, असा दंडक घातला. पूर्वी निम्म्याच बाळंतिणींचा अतिरक्तस्राव वेळेवर ओळखला जाई. आता शंभरातल्या ९३ जणींचा ओळखला गेला, आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. सीमाभागातल्या एका महाविद्यालयाने हाती घेतलेल्या साध्या वस्तूचा हा पल्ला. आपल्याकडे तिचे कौतुक फारसे कानी आले नाही, ही आपली नेहमीची तऱ्हा.

म्हणजे बाहेर दिसणाऱ्या रक्तासाठी पिशवी पुरेशी आहे, आणि ती आधी आली पाहिजे. प्रकाशाचे क्षेत्र वेगळे. पुणे-हैदराबाद महामार्गावर मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाची प्लीहा फुटली तर पिशवीत काहीच पडत नाही. रक्त पोटातल्या पोटात साचते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेल्याचे कंबरेचे हाड मोडले, किंवा गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला, तरी तेच. बाहेरून थेंब दिसत नाही, पट्टा ‘स्थिर’ म्हणतो, आणि करमाळ्याहून सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर असते. २०१४ मध्ये राज्यात ९३७ रुग्णवाहिकांनिशी ‘१०८’ ची सेवा सुरू झाली, ही मोठीच सोय झाली. पण त्या गाडीतल्या डॉक्टरालाही वाटेत हाच प्रश्न पडतो, की जवळच्या रुग्णालयात थांबावे की थेट सिव्हिल गाठावे. दोन तासांच्या वाटेत अंगठ्याशी लावलेला प्रकाश उतरणीला लागला तर निर्णय बदलेल. माहितीची किंमत ती बदलू शकणाऱ्या निर्णयाएवढीच असते, असे आम्ही वर्गात शिकवितो. या गाडीत ती किंमत फार मोठी आहे.

पण निर्णय बदलून पुढे काय? येथे सोलापूरकरांनी आपल्याच गावच्या एका माणसाची आठवण करावी. १९१० मध्ये येथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात चार सहकाऱ्यांसह चीनला निघाले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच निवर्तले. चित्रपटामुळे त्यांचा त्याग सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कामाचे तंत्र फारसे कोणी पाहत नाही. ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले ते नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाचे. या बेथ्यूननी १९३६-३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात एक नियम उलटा केला होता. जखमीला रक्तापाशी आणण्याऐवजी त्यांनी बाटल्यांतले रक्त मोटारीत घालून जखमीपाशी नेले. युद्धभूमीच्या अनुभवातून निघालेला हा धडा आपल्या जिल्ह्याला अजून गिरवायचा आहे. प्रकाशाने सांगितले की गंगाजळी संपत आली, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रक्ताची पिशवी नाही, साठवणुकीचे शीतकपाट आहे पण बंद आहे, तर त्या यंत्राने कुटुंबाला एवढेच दिले की वाईट बातमी अर्धा तास आधी कळली. अपघातातला रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध पहिल्या तीन तासांत दिले तरच उपयोगी पडते, हे २०१० च्या वीस हजार रुग्णांवरील जागतिक चाचणीनंतर निःसंशय ठरले आहे. लवकर कळण्याला अर्थ येतो तो अशा गोष्टी हाताशी असतील तरच.

आता माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा. हे माप कोणाच्या हातावर बेतलेले आहे?

प्रकाश कातडीतूनच आत जातो आणि कातडीतला काळा रंगही प्रकाश शोषतो. सावळ्या माणसांत ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो, हे अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी १९९० मध्येच लिहून ठेवले होते. तीस वर्षे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. कोरोनाच्या वर्षात, डिसेंबर २०२० मध्ये, मिशिगनच्या डॉक्टरांनी नवा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र ‘ठीक’ म्हणत असताना प्रत्यक्षात प्राणवायू धोक्याच्या खाली गेलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट निघाले. तेथील औषध प्रशासनाने कडक नियमांचा मसुदा काढला तो २०२५ च्या जानेवारीत. त्याच वर्षांत आपण लाखो ऑक्सिमीटर विकत घेतले आणि सोलापूरच्या उन्हात रापलेल्या बोटांना लावले. ९४ च्या आकड्यावर कोणाला खाट द्यायची ते ठरविले. तो ९४ आमचा होता काय, हे विचारण्यास त्या धावपळीत कोणाला सवड नव्हती. आता आहे.

कातडीहूनही मोठा प्रश्न रक्ताचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पूर्वभागात दिवसभर विड्या वळणाऱ्या बायांना हे सांगायला पाहणीची गरज नाही. आता पाहा, प्रकाशाचे यंत्र टक्केवारी सांगते. आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेले, एवढेच. मुळात हिमोग्लोबिन किती, हे ते आपण होऊन सांगत नाही. शंभर रुपयांतले सत्तर शिल्लक असणे आणि चाळीस रुपयांतले सत्तर टक्के शिल्लक असणे यांतला फरक विद्यार्थ्यांना सांगावा लागत नाही. बारा ग्रॅमवाल्या अमेरिकी जखमीचा ७५ हा इशारा सात ग्रॅमवाल्या बाळंतिणीला लागू पडेल काय? तिच्यासाठी तो ८० असावा, की ६८? याचे उत्तर परदेशातून येणाऱ्या पुस्तिकेत मिळणार नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या रुग्णालयांत सात ग्रॅमच्या बाळंतिणी रांगेने येत नाहीत.

महाराष्ट्रात या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पारोळ या गावी काम करताना डॉ. अभिषेक सेन यांनी रक्तक्षयाने गेलेली गर्भवती पाहिली. त्यातून मिश्किन इंगवले आणि अन्य मित्रांसह त्यांनी बोट न टोचता, केवळ प्रकाशाने हिमोग्लोबिन मोजणारे यंत्र घडवायला घेतले. पहिले यंत्र चालले नाही. पुढे आणखी बत्तीस वेळा बनवावे लागले, असे इंगवले यांनी २०१२ मध्ये एका जाहीर व्याख्यानात सांगितले. या बत्तीस अपयशांचा खर्च कोणी सोसायचा, हाच खरा अर्थशास्त्रीय प्रश्न आहे. तरुण मुलांची एक लहान कंपनी तो फार काळ सोसू शकत नाही. श्रीमंत देशांतील कंपन्या सोसतील, पण त्यांच्या गिऱ्हाइकासाठी. आपल्या बाळंतिणीचा आकडा शोधण्यात बाजाराला नफा दिसत नाही. अशा ठिकाणी शासनाने खर्च करावा, हे बाजारपेठेचे कट्टर पुरस्कर्तेही पाठ्यपुस्तकात मान्य करतात.

म्हणून मागणी खरेदीची नाही, चाचणीची आहे. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, डॉ. वैशंपायन यांच्या स्मृतीचे. त्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आपल्या जिल्ह्यातून, शेजारच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिवमधून आणि सीमेपलीकडून कर्नाटकातूनही अडलेल्या बाळंतिणी आणि अपघाती जखमी येतात. चाचणीला याहून योग्य जागा राज्यात फार नसतील. दोन-तीन जातींची यंत्रे आणावीत, रुग्णांची व नातेवाइकांची रीतसर संमती घ्यावी, उपचार नेहमीचेच चालू ठेवावेत आणि शेजारी प्रकाशाचा आकडा, हिमोग्लोबिन व कातडीचा वर्ण नोंदवीत जावे. दोन वर्षांत आपला स्वतःचा इशारा-आकडा हाती येईल, किंवा हे यंत्र आपल्या कामाचे नाही एवढे तरी कळेल. दुसरा निष्कर्ष निघाला तरी तो कोट्यवधींची चुकीची खरेदी वाचवील.

आणि खरेदीची वेळ आलीच तर एक सावधगिरी. यातल्या पुष्कळ यंत्रांना कातडीवर चिकटविण्याची पट्टी लागते आणि ती एका रुग्णासाठी एकदाच वापरायची असते. शाईच्या छपाईयंत्राचा अनुभव कचेरीत काम करणाऱ्यांना सांगायला नको : यंत्र स्वस्त, शाई महाग. निविदेत यंत्राची किंमत पाहून आनंदणारे अधिकारी पट्ट्यांचा पाच वर्षांचा खर्च त्याच कागदावर मागतील तर बरे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटरवरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा आधी तो किती असेल याची कल्पना आलीच होती.

हे सगळे व्हायला वेळ लागेल. तोवर करण्यासारखी एक गोष्ट मात्र आजच आहे आणि तिला प्रकाशही लागत नाही. नाडीच्या आकड्याला रक्तदाबाच्या वरच्या आकड्याने भागायचे. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या दोन शल्यविशारदांनी १९६७ मध्ये सुचविलेला हा ‘शॉक इंडेक्स’. निरोगी माणसात तो ०.५ ते ०.७ असतो, बाळंतिणीत ०.९ किंवा त्याहून वर गेला तर धोक्याची घंटा समजावी, असे आता प्रसूतितज्ज्ञ सांगतात. केसपेपरवर रक्तदाब आणि नाडी यांचे रकाने आहेतच. शेजारी तिसरा रकाना छापायला जिल्हा परिषदेला आणि शासनाला किती खर्च येईल, याचा हिशेब मी शासकीय मुद्रणालयावर सोपवितो.

मावसबहिणीच्या कागदावर मी तो रकाना पेन्सिलीने आखून पाहिला. तीन वाजता तेथे १.१९ येतात, अडीचला १.०७. दोन वाजता, म्हणजे मुलगी होऊन पंधरा मिनिटे झालेली असताना आणि पहिल्यांदा ‘प्रकृती स्थिर’ लिहिले गेले तेव्हा, ०.९५ येतात.